पावसात माउंटन बाईकवर घालायचं जॅकेट: दोन पावसाळे वापरून मग लिहितेय

जॅकेट घेऊन दोन पावसाळे झाले. कोल्हापुरातनं पन्हाळा किती वेळा झाला ते मोजलं नाही, गगनबावडा सहा वेळा, मसाई पठार चिखलात चार वेळा, राधानगरी दोनदा, एवढं झाल्यावर आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. दर मे महिन्यात ग्रुपवर कुणीतरी विचारतंच की सायकलला रेनकोट कुठला घ्यायचा, पाणी आत यायला नको आणि घाम पण आत साठायला नको, आणि मग खाली धडाधड लिंका पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या पावसाला जॅकेट घेताना लेबलवरचे आकडे नंतर बघा, आधी काखेत चेन आहे का ते बघा. असं का म्हणतेय ते सविस्तर सांगते, कारण हे कळायला माझी दोन जॅकेटं वाया गेली.

पहिल्या वर्षी लक्ष्मीपुरीतनं नऊशे रुपयांचा साधा रेनकोट घेतला, गाडीवर घालतात तोच, आतनं रबरासारखं कोटिंग असलेला. गाडीवर एक नंबर चालतो, कारण गाडीवर आपण नुसतं बसलेलो असतो, अंग तापत नाही. सायकलवर शिवाजी पुलापासनं केर्लीपर्यंत सपाट आहे तोवर ठीक होतं, वाघबीळचा चढ लागला आणि दहा मिनिटात पाठ चिकटायला लागली. पन्हाळ्यावर पोचून हात खाली सोडला तर कोपरात साठलेलं पाणी मनगटातनं धार लागून खाली आलं. कोमट पाणी. बाहेरचा पाऊस एक थेंब आत आला नव्हता, ते सगळं घामाचं होतं. चढावर जोर लावून सायकल मारताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो, काहींना त्याच्यापेक्षा जास्त, आणि तो बाहेर जायला वाटच नव्हती. पण वर जातानाचा त्रास काहीच नाही, खरा त्रास उतारावर होतो. तसल्या ओल्या अंगानं खाली सुटलं की वाऱ्यानं दातावर दात वाजायला लागतात.

म्हणून दुसऱ्या वर्षी ऑनलाइन एक जॅकेट मागवलं, ३,८०० रुपयांना, लेबलवर मोठ्या अक्षरात १०,०००/१०,००० लिहिलेलं. हे आकडे काय असतात ते तेव्हा मला माहीत नव्हतं, मागनं नीट वाचून काढलं.

पहिला आकडा पाण्याचा. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात, आणि कापडातनं थेंब झिरपायला लागतो तेव्हा तो दाब किती उंचीच्या पाण्याएवढा झाला ते मिलिमीटरमध्ये लिहितात. १०,००० म्हणजे १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ फूट. आपल्याला पाणी फुटात लगेच कळतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटावर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, त्यामुळं ३३ फूट पाणी म्हणजे काय हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. एवढ्या उंचीचं पाणी ते पातळ कापड पेलतं. पावसाच्या थेंबात तेवढा जोर नसतोच. जोर पडतो तो बॅगेच्या पट्ट्याखाली, खांद्यावर, आणि ओल्या दगडावर टेकलं की बुडाखाली. त्यामुळं सायकलला १०,००० बास होतं, पाठीवर पाणी-टूल-पंप घालून जड बॅग घेत असाल तर १५ ते २० हजार बघा, त्याच्यापुढं नुसते पैसे जातात असं माझं मत आहे.

दुसरा आकडा वाफेचा, म्हणजे ज्याला ब्रीदेबल म्हणतात तो. एक चौरस मीटर कापडातनं २४ तासात किती ग्रॅम वाफ बाहेर पडली. आता १०,००० ला २४ नं भागा, तासाला चारशे ग्रॅमच्या जरा वर येतं. समोर घाम किती, तर अर्धा ते एक लिटर. म्हणजे लेबल शंभर टक्के खरं धरलं तरी वाघबीळच्या चढाला ते पुरं पडत नाही. आणि हे मोजायच्या पद्धती पण वेगवेगळ्या आहेत, एकाच कापडाचा आकडा एका पद्धतीनं लहान येतो आणि दुसऱ्या पद्धतीनं कितीतरी मोठा येतो, त्यामुळं या कंपनीचे १५ हजार आणि त्या कंपनीचे २० हजार शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. काही कंपन्या आरईटी लिहितात, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं तो आकडा, ते जरा बरं असतं, पण ते उलटं वाचायचं, जितकं कमी तितकं चांगलं. ६ च्या आत असेल तर उत्तम, १२-१३ पर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की तो रेनकोटच समजायचा.

पण खरी गोम पुढंच आहे. ही आरईटीची टेस्ट करतात ती ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता धरून. जुलैत कोल्हापुरात ४० टक्के आर्द्रता कुणी बघितलीय? पावसाच्या दिवशी ९० च्या वरच असते. आणि कापडातनं वाफ आपोआप बाहेर फेकली जात नाही, आत जास्त वाफ आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर सरकते. बाहेरची हवाच वाफेनं भरलेली असेल तर ती सरकणार कुठं? जुलैत दोरीवरची जीन्स चार-चार दिवस वाळत नाही ना, तेच इथं होतं. ही जॅकेटं ज्या देशांचा विचार करून बनवतात तिथं पाऊस १० अंशात पडतो, आपल्याकडं २४-२५ अंशात. १० अंशाच्या हवेत वाफ जेवढी मावते त्याच्या दुपटीहून जास्त २४-२५ अंशाच्या हवेत मावते आणि पावसात ती जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. त्यामुळं परदेशातले रिव्ह्यू वाचून, जॅकेट घालून डोंगर चढलो आणि आत कोरडाच राहिलो असं कुणी लिहिलेलं असेल तर तो माणूस खोटं बोलत नाहीये, त्याचा पाऊस वेगळा आहे.

त्या ३,८०० वाल्याचं पुढं काय झालं ते पण सांगते. पहिला महिना चांगला गेला. मग खांद्याच्या शिलाईवर आतनं जी टेप असते ती बॅगेच्या पट्ट्याखाली बोटभर उचलली, पुढच्या दोन राईडमध्ये वीतभर. शिलाई म्हणजे सुईची भोकंच की, टेप गेली की पाणी सरळ आत. कंपनीला फोटो पाठवले तर मशीनमध्ये धुतलं असेल म्हणून हात वर केले, धुतलेलं नसताना. नंतर बघितलं तर वर्णनात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की टेप फक्त महत्त्वाच्या शिलायांवर आहे, म्हणजे बाकीच्या उघड्याच होत्या आणि ते मी वाचलं नव्हतं. तुम्ही घेताना फुल्ली सीम टेप्ड असा शब्द आहे का ते शोधाच, आणि दुकानात असाल तर जॅकेट उलटं करून प्रत्येक शिलाईवरनं नख फिरवा, टेपची कड नखाला लागत असेल तर परत हँगरला अडकवा.

काखेच्या चेनचं माझ्या डोक्यात बसलं ते गगनबावड्याच्या रस्त्याला. साळवणच्या पुढं रोपलावण चालू होती, आम्ही एका झाडाखाली थांबलेलो, आणि समोर चिखलात गुडघाभर उभ्या राहून दहा-बारा बायका वाकून रोप लावत होत्या, काहींच्या पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, दोघींच्या पाठीवर जुनं बांबूचं इरलं. सकाळपासनं वाकून काम चाललेलं, म्हणजे घाम माझ्यापेक्षा जास्तच. पण इरलं डोक्यावरनं पाठीवर येतं आणि पुढनं, खालनं सगळं उघडं असतं. पाठीवर पाऊस पडला तरी पोटाकडनं वारा खेळतो. तिथल्या एका आजींना विचारलं आत गरम होत नाही का, तर म्हणाल्या, "बाळ, वारं लागतंय की पुढनं, गरम कशानं हुतंय." माझ्या जॅकेटाला त्या दिवशी कुठनंच वारं लागत नव्हतं. घरी येऊन मी पहिल्यांदा काखेत चेन असलेली जॅकेटं शोधायला सुरुवात केली.

तर आता हे तिसरं, ज्याचा हा रिव्ह्यू आहे. तीन थरांचं कापड, म्हणजे बाहेरचं कापड, मधे पातळ पडदा आणि आतनं मऊ जाळी, तिन्ही एकत्र चिकटवलेले. वजन साधारण ३८० ग्रॅम. किंमत सेलमध्ये ११,५००, पुण्याला जाऊन अंगावर घालून बघून घेतलं. नाव मुद्दाम टाकत नाही कारण ही मॉडेलं दर वर्षी बदलतात, त्याच नावात पुढच्या वर्षी दुसरंच कापड येतं, त्यापेक्षा काय-काय बघायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

काखेतली चेन छातीच्या बरगडीपासनं निघून जवळजवळ कोपरापर्यंत येते, माझ्या हातानं दीड वीत, आणि एका हातानं चालत्या सायकलवर उघडता येते. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण काही जॅकेटांना चार बोटांची चेन देऊन काम भागवतात, आणि काहींची एवढी घट्ट असते की उतरूनच उघडावी लागते, मग कोण उघडतंय. केर्ली सोडलं की मी दोन्ही काखा पूर्ण उघडते, पुढची चेन छातीपर्यंत खाली, मनगटाचे वेल्क्रो सैल. थोडा पाऊस आत येतो, येऊ दे. वर पोचल्यावर पाठ ओली असते पण चिकट नसते, आणि कोपरात पाणी साठत नाही. मग उतारावर सगळं बंद. बंद केल्यावर वारा अडतो, आणि आतली ओल अंगाच्या उबेनं वीसेक मिनिटात कमी होत जाते, हे मी प्रत्येक वेळी अनुभवलंय.

आत काय घालता त्यावर पण निम्मं काम आहे. सुती बनियन किंवा टीशर्ट असेल तर दहा हजाराच्या जॅकेटाचा काही उपयोग नाही, कॉटन पाणी धरून ठेवतं आणि अंगाला गार चिकटतं. साधी पॉलिस्टरची जर्सी घाला, दोनशे-तीनशेची मॅचची पण चालते.

गगनबावड्याला गेल्या वर्षीच्या जुलैत हे जॅकेट मला खऱ्या अर्थानं पावलं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजारभर मिलिमीटर पाऊस होतो आणि तिथनं पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला पाच हजाराच्या पुढं, एवढा फरक. फुलेवाडी, बालिंगा, कळे इथपर्यंत भुरभुर होती, आम्ही जॅकेटं बॅगेतच ठेवली होती. साळवणपासनं जो लागला तो थांबलाच नाही, आणि वर गेल्यावर कोकणाकडनं घाटातनं वर चढणारा वारा, धुक्यात पुढच्याचा लाल लाईट दहा फुटावर दिसत नव्हता. माझ्या मैत्रिणीच्या अंगावर कॉटनचा टीशर्ट आणि वर नुसतं विंडचीटर. करूळ घाटाच्या तोंडाशी थांबलो तर ती बोलताना अडखळायला लागली आणि ब्रेक दाबायला बोटं वळेनात. तिथं एका टपरीत तिला चुलीपाशी बसवलं, ओला टीशर्ट काढायला लावला, माझी बॅगेतली कोरडी जर्सी आणि वर हे जॅकेट घातलं. पहिला चहा तिच्या हातातनं सांडत होता. पाऊण तासानं तिसरा चहा घेताना ती मला विचारते, "अगं, तू आतनं भिजलेलीस की बाहेरनं?" मी सांगितलं, आतनं, थोडीशी. तिनं तिथंच ठरवलं असलंच घ्यायचं. हे मी भीती घालायला लिहीत नाही, पण वीस-एकवीस अंशात भिजून वाऱ्यात थांबलं की माणूस असा गारठतो, त्याला बर्फाची गरज नसते. बॅगेत एक कोरडा शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, जॅकेट कुठलंही असो.

आता कमी काय आहे ते. बाह्या माझ्यासाठी इंचभर लांब, कारण बायकांच्या मापात रंग एकच होता आणि साईज संपलेली, म्हणून मी पुरुषांचं एस घेतलं, ते खांद्यात बसलं पण कमरेत अडकतं. बायकांचं माप मिळत असेल तर तेच घ्या, थांबावं लागलं तरी थांबा. छातीवरच्या खिशाची चेन वॉटरप्रूफ म्हणतात पण मुसळधारात फोन ओला झाला, फोन प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचा. आणि खांदे. बॅगेच्या पट्ट्याखाली पहिल्या पावसाळ्याच्या शेवटीच कापड पाणी धरायला लागलं.

हे पाणी धरणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथं जॅकेट खराब झालं म्हणून टाकून देतात. नवीन जॅकेटवर पाणी पडलं की अळवाच्या पानावर पडल्यासारखं होतं, मोती होऊन घरंगळतं. ती करामत मधल्या पडद्याची नाही, बाहेरच्या कापडाला एक फिनिश दिलेलं असतं त्याची आहे, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. चिखल, घाम, अंगाचं तेल, पट्ट्याचं घासणं यानं ते मरतं. मग बाहेरचं कापड भिजून जड होतं, काळपट डाग दिसतात. आतला पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत येत नसतं, पण बाहेरनं ओल्या कापडाचा लेप बसल्यावर वाफ बाहेर जाणार कशी, मग आतनं घामानं भिजतो आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय. नवीन जॅकेटांत तर हे लवकर होतं, कारण जुनी रसायनं, पीएफएएस म्हणतात ती, पर्यावरणात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत म्हणून कंपन्या बंद करत आल्यात आणि त्याच्या जागी आलेलं फिनिश तेलकट घाणीपुढं कमी टिकतं. केलं ते चांगलंच केलं, पण आपल्याला धुवावं जास्त वेळा लागतं.

आणि हो, धुवायचं. लोक घाबरून धूतच नाहीत. मसाई पठारावरची जांभ्याची लाल माती बारीक असते, ती कापडात राहिली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. मी दर तीन-चार चिखलाच्या राईडनंतर धुते, सगळ्या चेन आणि वेल्क्रो लावून, कोमट पाणी, निकवॅक्सचं टेक वॉश वापरते, नाहीतर साधा लिक्विड साबण अगदी थोडा, आणि दोन-तीनदा खळबळून. कपडे मऊ करायचं ते कम्फर्टसारखं काही चुकूनही घालायचं नाही, त्याचा थर बसून वाफेचं काम पण बिघडतं आणि पाणी पण धरायला लागतं. पिळायचं नाही. सावलीत वाळवायचं, आणि पूर्ण वाळलं की मंद इस्त्री, वर सुती रुमाल टाकून, लेबलवर इस्त्री चालते असं असेल तरच. उष्णतेनं ते फिनिश परत जागं होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा विश्वास नव्हता, बेसिनपाशी बाहीवर वाटीभर पाणी ओतलं आणि सगळं मोती होऊन खाली गेलं, आईला बोलावून दाखवलं. खांद्यावर मात्र इस्त्रीनं भागलं नाही, तिथं या जूनमध्ये वरनं लावायचं स्प्रे मारलं, आता परत ठीक आहे.

राईडवरनं आल्यावर ओलं जॅकेट बॅगेत बोळा करून ठेवू नका, आपल्या हवेत दोन दिवसात बुरशीचा वास येतो, आणि ओल-उष्णतेत आतलं कोटिंग वर्षाच्या आत सोलायला लागलेली जॅकेटं मी बघितलीत.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. रंकाळा-कळंबा चक्कर, एक-दीड तास, घरी येऊन गरम पाण्यानं अंघोळ, एवढंच असेल तर एवढे पैसे घालू नका. पंचवीस अंशाचा पाऊस आहे, भिजा, छान वाटतं. त्यापेक्षा पुढच्या चाकाला तीन-चारशेचा मडगार्ड लावा, तोंडावर आणि छातीवर येणारं निम्मं पाणी खालनं येतं, वरनं नाही. पन्हाळा एकदम जाऊन-येऊन असेल तर काखेत चेन असलेलं चार-पाच हजारातलं अडीच थरांचं, म्हणजे आतनं जाळीऐवजी नुसता पातळ लेप असलेलं, पण चालेल. घाट, पठार, चार तासाच्या वर, पाठीवर बॅग, तर तीन थरांचं घ्या.

घेताना दुकानात आरशापुढं सरळ उभं राहून बघू नका. हेल्मेट आणि बॅग घेऊन जा. जॅकेट घाला, बॅग अडकवा, पुढं वाकून हँडल धरल्यासारखे हात करा, आणि मग बघा मनगट उघडं पडतंय का, पाठ वर जातेय का, टोपी हेल्मेटवरनं बसते का आणि मान वळवली की टोपी पण वळते का डोळा झाकला जातो. दुकानदार बघत राहील, राहू दे.

शेवटी एक दुरुस्तीचं. मसाईवरनं उतरताना करवंदीच्या जाळीत घुसले आणि डाव्या कोपराला काट्यानं अर्ध्या इंचाची चीर पडली. शिवायला नेऊ नका, सुई मारली की भोकं वाढतात. मी जागा स्पिरिटनं पुसून घेतली, वाळू दिली, चिकटवायचा पॅच आणून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल कापला, चौकोनी कापला तर कोपरे उचलतात, आणि बाहेरनं दाबून रात्रभर वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. त्यालाही आता एक पावसाळा झाला, दोनदा धुतलं, तिथनं थेंब आलेला नाही.